मोटर बसवली, पण कप्पी का काढली?



गेल्या जूनमधल्या वादळात लाईनवर झाड पडलं आणि आमच्या वाडीची लाईट सहा दिवस गेली. मुळशीत पावसाळ्यात हे नवीन नाही. घरच्या विहिरीवर मोटर आहे, पण ती मुकी. पाऊस नुकता सुरू झालेला, विहीर भरलेली नव्हती, पाणी तीस फुटांवर. काकीनं दोर-बादली काढली आणि कठड्यावरून ओणवं होऊन पाणी शेंदलं. माणसं, दोन म्हशी, एक कालवड. चौथ्या दिवशी तिचा खांदा धरला, तो दिवाळीपर्यंत सुटला नाही.

त्या विहिरीवर पूर्वी कप्पी होती. मोटर बसवताना पाईप मधे येतो म्हणून आम्हीच काढली आणि भंगारात घातली. चूक आमचीच.

आता हिशोब बघा. दहा लिटरची बादली, भिजलेल्या दोरासकट बारा किलो धरा. पुष्कळांना वाटतं, कप्पीनं वजन निम्मं होतं. होत नाही. एका जागी टांगलेल्या कप्पीवर बारा किलोला बारा किलोच ओढावे लागतात. फरक दिशेचा. वर उचलायच्या ऐवजी खाली ओढायचं, म्हणजे आपल्या अंगाचं वजन कामी येतं, कंबर सरळ राहते. शिवाय दगडावर दोर घासत नाही. कठड्यावरून शेंदताना निम्मी ताकद त्या घासण्यातच जाते आणि दोरही झिजतो.

वजन खरंच हलकं करायचं तर हँडलचा रहाट. सहा इंच जाडीचा लाकडी गोल, त्याला एक फुटाचं हँडल. गोलाची त्रिज्या तीन इंच, हँडल बारा इंच, म्हणजे चौपट. बारा किलो हाताला तीन किलो लागतात, घर्षण धरून चार म्हणा. फुकट मात्र काही नाही. तीस फुटांना एकोणीस फेरे मारावे लागतात. वेळ जातो, खांदा वाचतो.

नदीकाठी, उथळ पाण्यावर आणखी सोपी युक्ती. उभ्या खांबावर आडवं लाकूड, एका टोकाला बादली, दुसऱ्या टोकाला धोंडा. कोकणात याला लाट म्हणतात. रिकामी बादली खाली दाबायची, भरलेली धोंडा वर आणतो. पण तीस फुटांवर ती चालत नाही, लाकूड तेवढं लांब कुठून आणणार?

हे लिहिलं की लगेच कोणीतरी मोटेचा जुना फोटो टाकणार आणि ‘काय दिवस होते!’ म्हणणार. मोट हुशारीची होती, हे मान्य. धाव उताराची केलेली असायची, त्यामुळे भरलेली मोट ओढताना बैल उतरणीला चालायचे आणि त्यांचं स्वतःचं वजन ओढीत जायचं. चढ चढायचा तो मोट रिकामी झाल्यावर, मागं सरकत. नाडा मोटेला आणि सोंदूर सोंडेला. दोन दोरांच्या लांबीचा मेळ असा की मोट वर आली की सोंड आपोआप थारोळ्यात ओतायची, कुणी हात लावायचा नाही. साताऱ्याजवळ लिंबला १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली बारा मोटेची विहीर आहे, जरूर बघून या.

पण दीडशे लिटर पाणी तीस फूट वर आणायला बैलजोडी जेवढं राबायची, तेवढं तीन हॉर्सपॉवरची मोटर पंधरा सेकंदांत करते. भरउन्हात दिवसभर ती मागं-पुढं चाल. बैलांच्या मानेचे घट्टे फोटोत दिसत नाहीत. मोट गेली ते बरं झालं. शेताला मोटरच पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही.

माझा वाद घरच्या विहिरीपुरता. पाणी शेंदायची वेळ आली की शेंदतं कोण? बाया. आणि मोटर बसवायचं, कप्पी काढायचं ठरवतं कोण? आपण. आमच्या मुळशीचं धरणाचं पाणी डोंगराखाली भिऱ्याला उतरून वीज करतं, आणि आमच्याच वाडीत लाईट गेली की काकी दगडावर दोर घासत बसते. ते दुखणं मोठं आहे, त्यावर पुन्हा लिहीन. कप्पी बसवणं तरी आपल्या हातात आहे ना?

मी काय केलं सांगतो. पाईप एका कडेला घेतला. विहिरीवर दोन लोखंडी खांब, मधे बाभळीचा गोल, दोन्ही टोकांना जुन्या मळणी यंत्राचे बेअरिंग. लोहाराकडून एक खटका मात्र आठवणीनं करून घ्या. हात सुटला तर भरलेली बादली खाली जाते आणि हँडल उलटं फिरून तोंडावर बसतं. खटका असला की जागेवर थांबतं.

काकीनं परवा दोन बादल्या काढून बघितल्या. म्हणाली, “हँडल उंच झालंय रं, माझ्या मापानं कर.” खांब चार इंच कापायला काढलेत.