कोऱ्या उत्तरपत्रिकांचा हिशेब अजून बाकी आहे

सेवेतल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावंच लागेल, या सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालावरचा वाद धुमसतच राहिला. संघटना अनुभवाचा दाखला देतात, शासन कायद्याकडे बोट दाखवतं. पण ज्या परीक्षेवर एवढी भिस्त ठेवायची, तिचे गुण खरे असतील याची हमी कोण देणार, हे कुणीच विचारत नाही. उलट २०२१ मध्ये उघडकीस आलेलं टीईटी गैरप्रकाराचं प्रकरण आता जुनं झालं, ते उकरून काय मिळणार, असा सूर लागतो. तो मला मान्य नाही. १९ जानेवारी २०२० च्या परीक्षेत १६,७०५ उमेदवार पात्र ठरले होते आणि ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने ७,८७४ जणांना गैरप्रकारासाठी अपात्र ठरवलं. ज्या निकालातली जवळपास निम्मी यादी संशयास्पद निघाली, तो निकाल दीड वर्ष बिनदिक्कत चालला. परिषदेच्या एकाही तपासणीत तो अडकला नाही. म्हाडाच्या पेपरफुटीचा माग काढताना पुणे सायबर पोलिसांच्या हाती हे धागे लागले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये परिषदेचे तत्कालीन आयुक्त तुकाराम सुपे यांना अटक झाली. पोलिसांनी पकडलं म्हणजे यंत्रणा जागी होती, असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा. दुसऱ्या खात्याचा पेपर फुटला नसता, तर हे उघडकीस आलं असतं का?

अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या सार्वजनिक शाळांचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. तिथे २००९ मधल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेत अनेक वर्गांमध्ये चुकीचं उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणा अशक्य वाटाव्यात इतक्या सापडल्या. आधी स्थानिक वृत्तपत्राने गुणांच्या उड्यांवर शंका घेतली, मग राज्याच्या कार्यालयाने खाडाखोड मोजली. शाळा प्रशासनाच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीने मात्र प्रकरण सौम्य करून मांडलं. तेव्हा राज्यपालांनी शिक्षण खात्याबाहेरचे, फौजदारी कायदा जाणणारे तपासनीस नेमले. त्यांनी शाळाशाळांत जाऊन जबाब घेतले आणि २०११ च्या अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची जबाबदारी नोंदवली. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. तिथे उद्दिष्टांचा दबाव होता आणि इथे पैशांचा व्यवहार, म्हणून तुलना चुकीची, असा आक्षेप येईल. हेतू वेगळे आहेत, हे खरं. पण दोन्हीकडे गुण देणारे आणि गुण तपासणारे एकाच छताखाली होते, आणि सत्य बाहेरच्या माणसांनीच काढलं. शिवाय आपला प्रकार अधिक अवघड आहे. तिथे खोडरबराची खूण तरी मागे राहिली. इथे पोलिसांच्या म्हणण्यानुसार उमेदवारांना ओएमआर उत्तरपत्रिका कोरी ठेवायला सांगितलं गेलं आणि ती नंतर भरली गेली. कोऱ्या जागी भरलेलं वर्तुळ खाडाखोड दाखवत नाही. कागद उमेदवाराच्या हातून सुटला त्या क्षणी तो कसा होता, याचा पुरावा नसेल तर नंतरचा सगळा तपास अंदाजावर उरतो.

आणि अटलांटाच्या तपासातला मुख्य मुद्दा होता मुलांचा. वाढवलेल्या गुणांमुळे ज्यांना जादा शिकवणीची गरज होती त्यांची गरजच झाकली गेली. आपल्याकडे ७,८७४ हा आकडा सर्वांना पाठ आहे, पण तो मुलांपर्यंत नेऊन कुणी मोजत नाही. भोरच्या हिर्डस मावळात किंवा वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, धरणांच्या पाण्यापलीकडच्या वाडीत दोनशिक्षकी शाळा असते. शहरातल्या मोठ्या शाळेत एक अपात्र शिक्षक आला तर मुलांना दुसरे भेटतात. वाडीत त्याच्या हाती अर्धी शाळा असते, आणि तीही अनेक वर्षं. छोट्या शाळांचा प्रश्न इथे पुन्हा येतो. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांचा हिशेब मांडून, त्या एकत्र करणाऱ्या समूह शाळांचा प्रस्ताव आला आणि वेल्ह्यातल्या पानशेतचा दाखला दिला गेला. छोट्या शाळांचा दर्जा घसरतो, हे त्यामागचं एक कारण होतं. शाळा छोटी म्हणून दर्जा घसरला, की तिथे पाठवलेला शिक्षक कसा निवडला यामुळे, हे आधी शोधायला नको का? पट मोजणं सोपं असतं, म्हणून तोच मोजला जातो.

जुन्या यादीची शहानिशा केली तर प्रामाणिक शिक्षकांवर शिंतोडे उडतील, हा आक्षेप मनापासूनचा आहे आणि त्याचं उत्तरही द्यायला हवं. शिंतोडे उडाले आहेत ते शहानिशा अर्धवट राहिल्याने. त्याच निकालातले हजारो उमेदवार स्वतःच्या अभ्यासावर पात्र झाले. त्यांच्या प्रमाणपत्राकडेही आज लोक संशयाने पाहतात, आणि तो संशय उघड, तालुकानिहाय पडताळणीनेच फिटेल. म्हणून मागणी तीन गोष्टींची आहे. उत्तरपत्रिकेची प्रतिमा परीक्षा केंद्रावरच, उमेदवारांसमोर घेतली जावी आणि तिची एक प्रत परिषदेबाहेरच्या यंत्रणेकडे राहावी. स्कॅनिंग करणारी कंपनी आणि निकाल लावणारी कंपनी एक नसावी. आणि प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीला आपल्या शिक्षकाचं प्रमाणपत्र पडताळलं गेलं की नाही, हे लेखी मिळावं. सेवेतल्या हजारो शिक्षकांना पुन्हा परीक्षेला बसवणाऱ्या शासनाने आधी परीक्षा परिषदेला या तीन अटींवर उत्तीर्ण व्हायला लावावं.