रूम टेंपरेचर म्हणजे कोणाची रूम?

"उकळून झालं की रूम टेंपरेचरला येऊ द्या आणि मग बरणीत ओता." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं, त्याला एप्रिलच्या दुपारी बदलापुरात टॉप फ्लोअरच्या किचनमध्ये उभं करायला हवं. बाहेर पारा चाळिशीपार, डोक्यावर तापलेला स्लॅब, लाईट गेलेली. आता सांग बाबा, कुठली रूम आणि कुठलं टेंपरेचर?

विषय असा. ऑनसाईटहून परतलेल्या मित्रांना हल्ली घरी बिअर करायची हुक्की येते. माल्ट उकळून केलेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, गार करायचं, यीस्ट घालायचं, झालं! पण साहेब, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे. मग मंडळी वळतात कोंबुचाकडे. गोड चहा, त्यात स्कोबी. फिजिक्स तेच, आणि चुकाही त्याच.

चूक नंबर एक: "आपोआप गार होतं की." होतं ना, पण कधी? गार होण्याचा वेग भांडं आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतो, हे न्यूटनने सांगून ठेवलंय. शंभरवरून साठवर पटकन येतं. पण किचन ३६ अंशांवर असेल तर पन्नासनंतर गाडी कर्जत लोकलसारखी रखडते, आणि ३६ च्या खाली तर येतच नाही. तोवर ते कोमट गोड पाणी म्हणजे हवेतल्या जंतूंसाठी आणि बुरशीसाठी मांडलेली पंगत. आंबटपणा यायच्या आधीचा हाच काळ सगळ्यात नाजूक.

यावर एक हुशार म्हणाला, "बेल्जियममध्ये वर्ट रात्रभर उघडंच ठेवतात." ठेवतात, लँबिक बिअरसाठी. पसरट उथळ भांड्यात आणि फक्त थंडीच्या महिन्यांत! उन्हाळ्यात तेही हे धाडस करत नाहीत. अर्धी माहिती उचलायची आपली जुनी खोड.

चूक नंबर दोन: कंटाळून गरमच ओतणं. स्कोबी मरते, ते सोडा. काचेची बरणी तडकते. माझ्या बरणीचा तळ अख्खा सुटला आणि उकळता चहा उजव्या पावलावर. दोन आठवडे चप्पल घालून ऑफिस. एरवी मी लोकांना टेस्टिंगचं महत्त्व सांगत फिरतो :)

चूक नंबर तीन, आणि माझा खरा राग इथे आहे: तांब्याची कॉइल आणून नळाला जोडणं आणि पाणी मोरीत सोडून देणं. अहो, बारवी धरण आपल्या जवळ आहे म्हणून काय झालं? उल्हासनगर, अंबरनाथमध्ये लोक नळाच्या वेळेसाठी अलार्म लावतात, आणि तुम्ही छंदापायी बादल्याच्या बादल्या वाहवणार? बरं, गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात स्वतःच गरम. एलला १८-२० अंश लागतात, त्या पाण्याने ते जन्मात मिळणार नाहीत. परदेशातली युक्ती परदेशातल्या नळासाठी असते.

बर्फ थेट आत टाकू का? कोपऱ्यावरचा तर मुळीच नको. २०१८ मध्ये राज्यात अखाद्य बर्फात निळा रंग घालायची सक्ती करावी लागली, ती उगाच नाही.

मग करायचं काय? साधं गणित. आदल्या दिवशी ३ लिटर पाणी उकळून, गार करून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. चहा आणि साखर फक्त १ लिटरमध्ये उकळा. शंभर अंशांचं १ लिटर आणि ८ अंशांचं ३ लिटर: १२४ भागिले ४, म्हणजे ३१. पाच मिनिटांत काम फत्ते! मिसळायचं मात्र स्टीलच्या पातेल्यात, काचेत नाही. आणखी गार हवं तर पातेलं परातीत ठेवून बाहेरून पाणी आणि बर्फ घाला, स्वच्छ डावाने ढवळत राहा. परातीतलं पाणी नंतर झाडांना. बोट बुडवून अंदाज नको, किचन थर्मामीटर घ्या. ३० च्या आसपास आलं की जुना आंबट कोंबुचा आणि स्कोबी घाला, वर स्वच्छ कापड बांधा.

आपल्या आज्यांनी दुधाला विरजण लावताना "कोमट" हा शब्द वापरला, "रूम टेंपरेचर" नाही. तो भांड्याकडे बघून ठरतो, भिंतींकडे बघून नाही.

असो. रेसिपी कॉपी-पेस्ट करा, पण आधी आपलं एन्व्हायर्नमेंट तपासा. कोडमध्ये करतो, ते किचनमध्ये का नाही?