रोजगाराच्या वहींत बलुतेदाराचें नांव कोठें?

सन १९९१ च्या जुलै महिन्याच्या २४ तारखेस दिल्ली सरकारनें नवें औद्योगिक धोरण जाहीर केलें, आणि त्याच दिवशीं अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनीं आपलें अंदाजपत्रक मांडलें. परवान्यांचें जोखड उतरलें, परदेशी भांडवलाला दार उघडलें, आणि देश बाजाराच्या वाटेला लागला. ही वाट चांगली कीं वाईट, याचा काथ्याकूट पुण्यामुंबईच्या पंडितांनीं पुष्कळ केला आहे. त्यांत आणखी एक मूठ टाकण्याची आमची इच्छा नाहीं. आमचा प्रश्न अगदीं साधा आहे. वाट बदलतांना ज्यांचें काम गेलें त्यांची नोंद सरकारनें कोणत्या वहींत केली, आणि त्या वहींत सुताराचें, कोष्ट्याचें, कुंभाराचें, कोरडवाहू शेतकऱ्याचें नांव आहे काय?

एक वही होती खरी. फेब्रुवारी १९९२ मध्यें सरकारनें राष्ट्रीय नूतनीकरण निधि काढला. कागदावर त्याचे हेतु उत्तम होते. बंद पडणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना भरपाई द्यावयाची, त्यांना नवें शिक्षण द्यावयाचें, दुसरें काम पाहून द्यावयाचें. इतकेंच नव्हे, तर असंघटित धंद्यांतहि नवें काम निर्माण करावयाचें. प्रत्यक्षांत त्यांतला बहुतेक पैसा सरकारी कारखान्यांतील नोकरांना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देऊन घरीं पाठविण्यांत खर्च झाला. शिक्षणाच्या वांट्याला थोडा आला, आणि असंघटितांचें कलम जवळजवळ कागदावरच राहिलें. त्या नोकरांचा आम्हांस हेवा नाहीं. जन्मभर घाम गाळलेल्या माणसाला जातांना चार पैसे मिळाले तर कोणाच्या पोटांत दुखावें? पण ज्याचें नांव मस्टरावर होतें त्याचेंच काम गेलें असें सरकारनें मानलें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

बरें, मस्टरावर नांव असून तरी सर्वांचें भलें झालें काय? मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झाला. त्यांत अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, आणि त्यांतले हजारों पुन्हां कधीं सांच्यावर उभे राहिलेच नाहींत. कोंकणांत आणि साताऱ्या-कोल्हापुराकडे ज्या घरीं मनिऑर्डर येत असे, त्या घरीं माणूसच परत आला. पुढें १९९१ च्या नियमांनीं गिरण्यांच्या जमिनी बांधकामाला मोकळ्या केल्या. तिचे तीन वांटे व्हावयाचे होते: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक गरिबांच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्यें नियम बदलला, वांटणी फक्त आधींच मोकळ्या असलेल्या जमिनीची धरावयाची ठरली, आणि मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो बदल उचलून धरला. मालकाची माती सोन्याच्या भावानें विकली. कामगाराच्या हातांतलें कसब कोणी फुकटहि मागितलें नाहीं.

आतां ज्यांचें नांव कोणत्याच मस्टरावर नव्हतें त्यांच्याकडे वळूं. ठराविक माल लहान धंदेवाल्यांनींच करावा, मोठ्यांनीं त्यांत हात घालूं नये, अशी पद्धत १९६७ पासून होती, आणि ती यादी पुढें आठशें जिनसांच्याहि वर गेली होती. ती हळूहळू छाटीत आणून एप्रिल २०१५ मध्यें शेवटच्या वीस जिनसाहि काढून टाकल्या. मध्यंतरीं १ एप्रिल २००१ पासून परदेशी मालाच्या आयातीवरील संख्येचीं बंधनेंहि उठलीं होतीं. या साऱ्या घडामोडींत कुंभाराला कोणी नोटीस दिली नाहीं, चांभाराला कोणी भरपाई विचारली नाहीं. एके वर्षीं गिऱ्हाईक कमी आलें, दुसऱ्या वर्षीं तेंच गिऱ्हाईक अर्ध्या किंमतींत मागूं लागलें, तिसऱ्या वर्षीं चाक भिंतीला टेकलें. हातमागाचा हिशोब तर सरकारच्याच गणतींत आहे. १९९५-९६ मध्यें हातमागावर व त्याच्या जोडकामावर ६५ लाखांहून अधिक माणसें होतीं; २००९-१० मध्यें तीं ४३ लाख उरलीं, आणि २०१९-२० मध्यें ३५ लाख. म्हणजे पंचवीस वर्षांत तीस लाख माणसें मागावरून उठलीं. मुंबईच्या संपांतल्या कामगारांच्या बारापट! त्यांचा मोर्चा कोणी पाहिला? हें सारें बाजाराच्याच माथीं मारणें मात्र खोटेपणाचें होईल. यंत्रमागानें हातमागाला गिळण्यास फार आधींच सुरुवात केली होती, आणि इचलकरंजी-मालेगांवांत आमचेच लोक यंत्रमागावर पोट भरतात.

उठलेलीं माणसें गेलीं कोठें? कांहीं शहरांत हमालीला, कांहीं इमारतींच्या कामावर, आणि पुष्कळशीं परत काळ्या आईकडे. सरकारच्याच पाहणीप्रमाणें २०१८-१९ मध्यें देशांतील कामकऱ्यांपैकीं शेतीवर शेंकडा ४२.५ होते, २०२३-२४ मध्यें ते शेंकडा ४६.१ झाले. करोनाच्या टाळेबंदीनें माणसें गांवीं लोटलीं हें खरें, पण टाळेबंदी उठून वर्षें लोटलीं तरी तीं शेतीवरच आहेत. शिवाय गणतीची खुबी अशी कीं, घरच्या शेतांत वा धंद्यांत विनामोबदला राबणाराहि कामकरीच धरला जातो. दोन एकरांच्या तुकड्यावर तिघे भाऊ आणि त्यांच्या बायका खपत असतील, तर वहींत सहाच्या सहा जणांना काम आहे! मग दिल्लीला बेकारी दिसावी कशी?

चीन देशानें बाजाराची वाट १९७८ च्या अखेरीस धरली. तेथें प्रथम जमीन कुटुंबाकुटुंबाला कसावयास दिली, आणि मग खेड्यापाड्यांतून लहान कारखाने वाढूं दिले. अशा गांवकारखान्यांत १९७८ सालीं सुमारें २ कोटी ८० लाख माणसें होतीं. १९९६ पर्यंत तीं साडेतेरा कोटींवर गेलीं. यावरून तेथें बळीचें राज्य आलें असें कोणीं समजूं नये. सरकारी कारखाने आंवळले तेव्हां १९९५ ते २००२ या काळांत तेथील सरकारी नोकरांची संख्या सुमारें अकरा कोटींवरून सात कोटींवर आली, आणि शहरांत गेलेल्या खेडुताला नोंदणीच्या कायद्यानें उपराच ठरविलें. पण मोठ्या कारखान्यांचे दरवाजे लागण्यापूर्वीं खेड्यांत दुसरे दरवाजे उघडले होते. आमच्याकडे खेड्यांतले आधीं लागले.

महाराष्ट्राला तर हें शहाणपण परक्याकडून आणावयास नको. १९७२ च्या दुष्काळांत वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी वाढीस लागली, १९७७ मध्यें तिचा कायदा झाला, आणि शहरांतल्या पगारदारांच्या व्यवसायकरांतून तिला पैसा मिळूं लागला. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानें तोच धडा गिरविला. या हमीनें पुष्कळ चुली पेटत्या ठेवल्या. तिला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. पण हमी मुख्यतः मातीची आणि खडीची. पैठणी विणणाऱ्या बोटांनींहि खडीच फोडावी! हमी देणाराला दंड दिसतात, बोटें दिसत नाहींत.

सप्टेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें अठरा धंद्यांच्या कारागिरांकरितां विश्वकर्मा योजना काढली. अवजारांस पंधरा हजार रुपये, आणि शेंकडा पांच व्याजानें दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. हे अठरा धंदे सरकारच्या कागदावर आले हें बरें झालें. परंतु गिऱ्हाईक नसलेल्या धंद्याला कर्ज देणें म्हणजे कोरड्या विहिरीवर नवी मोट बांधणें. कारागिराला आज कर्जाहून खरेदीदार अधिक हवा, आणि देशांतला सर्वांत मोठा खरेदीदार खुद्द सरकार आहे. केंद्राच्या खात्यांनीं व कंपन्यांनीं शेंकडा २५ माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असा नियमहि आहे. पण वर्षाला शंभर कोटींची उलाढाल करणाराहि त्या व्याख्येंत लघुच! त्याच्या रांगेंत आमच्या सुताराचा नंबर कधीं लागावा? म्हणून आमची मागणी अशी कीं, तालुक्याच्या खरेदींतला ठराविक वांटा तालुक्यांतल्या हातकामगारांसाठीं निराळा राखावा, त्याचे पैसे महिन्याच्या आंत चुकते व्हावे, आणि ज्याचा धंदा बसला त्याची नोंद काम गेलेला माणूस म्हणून ग्रामपंचायतींत व्हावी.

तोंवर वाचकांनीं एवढें करावें. येत्या ग्रामसभेंत उठून सरपंचाला विचारावें कीं, शाळेचीं बांकें, अंगणवाडीच्या सतरंज्या आणि दवाखान्याच्या चादरी कोठून आल्या, किती रुपयांस आल्या, आणि गांवांतल्या सुताराला वा कोष्ट्याला दर विचारला होता काय. उत्तर तोंडीं घेऊं नये. ठरावाच्या वहींत लिहून घ्यावें.