कास पठाराची नोंदवही

वैशाखात कास पठार पाहिलेल्याला भाद्रपदातील कास ओळखता येणार नाही. जांभ्याचा काळपट, करपलेला सडा पहिल्या पावसात हिरवा होतो. मग पांढरे गेंद, निळीजांभळी सीतेची आसवे, गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी आपापल्या पाळीने येतात. कार्तिकात गवत सोनेरी होऊन वाळू लागते. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत साताऱ्याजवळचे हे पठार आहे.

या वारशाचा जमाखर्च आपण ठेवतो काय? तारेच्या कुंपणावरून येथे बराच वाद झाला. कुंपणामुळे चराई थांबली, गवत माजले आणि फुले घटली, असे एका पक्षाचे म्हणणे. कुंपण नसेल तर गर्दी फुले तुडवील, असे दुसऱ्याचे. तळमळ दोघांचीही खरी. परंतु अशा वादाचा निकाल आठवणींवर लागत नाही. त्यासाठी त्याच तुकड्याची वर्षानुवर्षांची नोंद हवी.

हे काम ड्रोन करू शकतो. उपग्रहांची छायाचित्रे आहेतच. पण फुलांचा हंगाम ऐन पावसाळ्यात येतो आणि ढग आड येतात. शिवाय सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील लहानात लहान ठिपकाही जमिनीवर १० मीटर लांब-रुंद असतो. ड्रोन ढगांखालून उडतो, काही सेंटिमीटरचा तपशील टिपतो. दरवर्षी त्याच मार्गाने, त्याच उंचीवरून, ठरावीक दिवसांच्या अंतराने छायाचित्रे घेतली, की बहर कधी सुरू झाला, गवत कोठवर सरकले, नवी पायवाट कोठे पडली, हे उघड दिसते.

अर्थात यंत्रालाही मर्यादा आहेत. भर पावसात, सोसाट्याच्या वाऱ्यात ते निरुपयोगी ठरते. त्याला रंगाचा पट्टा दिसतो. सीतेच्या आसवांचे चिमुकले फूल पाहण्यासाठी गुडघेच टेकावे लागतात. म्हणून आकाशातील डोळ्याला भूमीवरील जाणकाराची जोड हवी. सड्यावर गुरे राखण्यात ज्यांची हयात गेली, त्या गावकऱ्यांहून मोठा जाणकार कोण?

ड्रोन नियम, २०२१ मुळे ड्रोन वापरणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले. तथापि हौशी घिरट्या वेगळ्या आणि शिस्तबद्ध निरीक्षण वेगळे. पहिल्यांना पठारावर मज्जाव असावा; दुसरे वन विभाग, साताऱ्यातील महाविद्यालये आणि गावोगावचे तरुण यांनी मिळून हाती घ्यावे. येथील टोपली कारवी सात वर्षांनी एकदा बहरते. तिच्या दोन बहरांची तुलना करायची, तर आज प्रारंभ करूनही किमान सात वर्षे थांबावे लागेल. म्हणूनच आणखी एक हंगाम दवडणे आपल्याला परवडणारे नाही.