झाकणे म्हणजे बुजविणे नव्हे

२० सप्टेंबर २०२४ रोजी बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा एक ट्रक बघता बघता उभाच्या उभा जमिनीत गेला. चालक सुदैवाने वाचला. खाली जुनी विहीर होती व वर फरसबंदी केलेली होती, असे नंतर सांगण्यात आले. गावभर त्यावर विनोद झाले. आमच्या घरात मात्र कोणी हसले नाही. कारण आमच्या वाड्याच्या चौकातही एक आड आहे.

आम्ही तेथले भाडेकरू. आडावर गंजका पत्रा, पत्र्यावर कुंड्या. धाकटा भाऊ तेथे चेंडू आणायला धावला की आजी ओरडते. तिला अक्षरओळख नाही, पण गावी जन्मभर तिने विहिरीचे पाणी ओढले आहे. ती म्हणते, "झाकलं म्हंजी बुजलं न्हाई."

आता वाडा पाडायचा ठरला आहे. "आडात राडारोडा लोटू आणि वर स्लॅब टाकू," असे ठेकेदाराच्या माणसाने सांगितले. माझ्या मते या एका वाक्यात दोन अपराध आहेत. राडारोड्यात पोकळ्या राहतात. तो पुढे खचतो आणि स्लॅब अधांतरी राहतो. इंदूरला ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मंदिरातील बारवेवरचे छत कोसळून ३६ माणसे गेली. तीही बारव बुजविलेली नव्हती, झाकलेली होती. दुसरे असे की, आडाचे पाणी आडापुरते नसते. खडकाच्या भेगांतून ते शेजारच्या विहिरीत जाते, आणि आपली घाणही जाते.

बुजवायचाच असेल तर आधी पाणी उपसावे व आतला कचरा, लोखंड बाहेर काढावे. माणूस मात्र तसाच आत उतरवू नये. बंद विहिरीतील कोंदट हवेने जीव जातो. मग तळापासून स्वच्छ दगड-वाळू, वर मुरूम-माती, थराथराने धुमसून भरावी. एक पावसाळा खचू द्यावी व पुन्हा भरावी.

पण बुजवायलाच हवा का? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, नळ कोरडे पडले, तेव्हा पुणेकरांना जुने आड-हौदच आठवले. पाणी जिवंत असेल तर मजबूत जाळी बसवून ते झाडांना, धुण्याला वापरता येईल.

मी हे सारे अर्जात लिहिले. शेवटी, आडाची जागा नव्या इमारतीच्या नकाशावर दाखवावी, अशी विनंती केली. वडील म्हणाले, "आपण भाडेकरू. उद्या इथं राहू की नाही ठाऊक नाही. कशाला वाईटपणा घेतेस?" त्यांची भीती खोटी नाही. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अर्ज लिहिता येऊनही गप्प बसायचे, तर शिकले कशाला? आम्ही तेथे नसू, पण त्या चौकात कोणाची तरी मुले खेळणारच आहेत.

अर्जावर वडिलांची सही अजून व्हायची आहे. माझी मी केली आहे.