व्हिसाची वाट पाहताना

मैत्रिणींनो, मागच्या वेळी गोड्या मसाल्याचं प्रमाण देईन म्हटलं होतं. ते पुढच्या आठवड्यात नक्की. आज मनात दुसरंच घोळतंय.

संक्रांतीला शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेले होते. त्यांच्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर झालं. जावई अमेरिकेत, ग्रीन कार्डवाले. तीन आठवड्यांची रजा संपवून ते परत गेले आणि मुलगी माहेरी आली. वाण देता देता काकू सगळ्यांना सांगत होत्या, "कागद पाठवलेत, सहा महिन्यांत जाईल ती. नोकरीचा राजीनामासुद्धा देऊन झालाय." मुलगी तिळगुळाचं ताट धरून उभी होती, हसत होती. माझा तिळगूळ मात्र हातातच राहिला. हेच वाक्य, शब्दाला शब्द, आमच्या आईनं २०१९ साली म्हटलं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न त्या वर्षी डिसेंबरात झालं. बी.कॉम. झालेली, इथे सांगलीतच एका सहकारी बँकेत चार वर्षं नोकरी केलेली. लग्न ठरल्याबरोबर राजीनामा दिला, कारण "सहा महिन्यांत जाणारच." नवऱ्यानं जानेवारी २०२० मध्ये अर्ज केला. मार्चमध्ये करोना आला, विमानं बंद, वकिलातीतलं व्हिसाचं नेहमीचं काम बंद. त्यात २२ एप्रिल २०२० ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी हुकूम काढून बऱ्याच कायमच्या व्हिसांना स्थगिती दिली. तिथल्या नागरिकांच्या बायका त्यातून वगळल्या होत्या, ग्रीन कार्डवाल्यांच्या नव्हत्या. तो हुकूम उठला २४ फेब्रुवारी २०२१ ला. तोवर गठ्ठे एवढे साठले, की २०२२ च्या सुरुवातीला कागदपत्रं पूर्ण असूनही मुलाखतीची वाट बघणारे जगभरात चार लाखांहून जास्त लोक होते. त्यातली एक आमच्या माडीवरच्या खोलीत बसली होती.

बहीण गेली जून २०२३ मध्ये. सहा महिन्यांची साडेतीन वर्षं झाली.

आता करोना नाही, मग कशाला घाबरवता, असं तुम्ही म्हणाल. काकूही तेच म्हणाल्या. म्हणून जरा नीट सांगते. ही माहिती नवऱ्यांना असते, पण बायकांना कुणी सांगत नाही, आणि वाट बायकांनाच बघायची असते.

रेशनच्या दुकानाची रांग डोळ्यांपुढे आणा. माल ठरलेला, माणसं जास्त. ग्रीन कार्डवाल्यांच्या बायका (आणि नवरे) व लहान मुलं यांच्यासाठी अमेरिका साऱ्या जगाला मिळून वर्षाला साधारण ८८ हजार व्हिसा ठेवते. नवऱ्यानं ज्या दिवशी अर्ज दाखल केला, ती तारीख म्हणजे आपला नंबर. तिथलं परराष्ट्र खातं दर महिन्याला एक पत्रक काढतं, त्याला व्हिसा बुलेटिन म्हणतात. कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते त्यात असतं. जुलै २०१९ पासून या गटाला रांगच नव्हती, म्हणून आमच्या जावयांनी सहा महिने सांगितले, ते काही थाप मारत नव्हते. पण एप्रिल २०२३ मध्ये रांग परत आली. त्या महिन्याच्या पत्रकात तारीख होती ८ सप्टेंबर २०२०, म्हणजे त्यानंतर अर्ज केलेल्या सगळ्याजणी एका रात्रीत थांबल्या. ही तारीख कधी झपझप पुढे जाते, कधी महिनोन्‌महिने जागची हलत नाही, कधी चक्क मागे येते. (भावाबहिणींच्या अर्जांची रांग तर विचारूच नका. भारतातल्या भावंडांना अठरा-एकोणीस वर्षं लागतात. त्या आशेवर घराचा रंग लांबवणारं एक कुटुंब माझ्या ओळखीत आहे.)

अमेरिकन नागरिकाच्या बायकोला मात्र हा कोटा लागू नाही. कागद फिरायला वेळ लागतो, पण नंबर लावायचा नसतो. म्हणून पहिला प्रश्न नवऱ्याला हा विचारा: ग्रीन कार्ड मिळून किती वर्षं झाली? साधारण पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. नागरिक झाला की बायकोचा तोच जुना अर्ज कोट्यातून बाहेर पडतो. पण तिकडे दाखल्याची प्रत पाठवून कळवावं लागतं, आपोआप कुणाच्या लक्षात येईल या भरवशावर राहू नका. आणखी एक. मधल्या काळात मूल झालं, तर ग्रीन कार्डवाल्याच्या अर्जात ते आईबरोबर येतं. बाप नंतर नागरिक झाला, तर त्याच मुलासाठी वेगळा अर्ज लागतो. आईचं आलं आणि बाळाचं राहिलं, असं व्हायला नको.

"तोवर टूरिस्ट व्हिसावर जाऊन येऊ दे की," असं प्रत्येक घरातले एक काका सांगतातच. त्या व्हिसाच्या अर्जात स्पष्ट विचारलेलं असतं, की तुमच्यासाठी कुणी कायम राहण्याचा अर्ज केलाय का? हो लिहिलं तर बहुधा नकार मिळतो. नाही लिहिलं तर ते खोटं, आणि खोट्यापायी पुढचं कायमचं दार बंद होऊ शकतं.

आता नावाची गोष्ट. ही सांगताना मला अजून ओशाळं होतं.

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं मुलीचं नवं नाव लिहितात. बहिणीच्या सासूबाईंना 'न'वरून नाव हवं होतं. मीच एक सुचवलं, सगळ्यांना आवडलं, पेढे वाटले. जावयांनी हौसेनं अमेरिकेतल्या अर्जात तेच नाव लिहिलं, सासरच्या आडनावासकट. पासपोर्ट माहेरच्या नावाचा. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव. जन्माच्या दाखल्यावर तर नावाचा रकानाच रिकामा, नुसतं 'स्त्री' आणि वडिलांचं नाव, कारण बारशाआधी नोंद झाली आणि पुन्हा कुणी फिरकलंच नाही. एक बाई, कागदावर तीन. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईला मुलाखत झाली, दहा मिनिटांत संपली. बहिणीच्या हातात पासपोर्टाऐवजी एक चिठ्ठी आली: या सगळ्या नावांची व्यक्ती एकच, याचा पुरावा आणा.

मग धावपळ सुरू झाली. नगरपालिकेत जन्मनोंदीत नाव घालून घेतलं, वकिलाकडून प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं. वडील सत्तरीचे, तेच सगळीकडे हेलपाटे घालत होते. कागद पोचले आणि पुढे नुसती शांतता. नोव्हेंबरात केलेली वैद्यकीय तपासणी साधारण सहा महिनेच चालते, त्यामुळे मे महिन्यात ती पुन्हा करावी लागली, पैसे पुन्हा भरावे लागले. आणि या सगळ्याचं मूळ तांदळाच्या ताटातलं ते नाव. मी सुचवलेलं!

तेव्हा मुलींच्या आयांनो, नाव बदलायची हौस असेल तर घरात हाका मारायला बदला. कागदावर पासपोर्टात आहे तेच ठेवा, आणि अर्ज पाठवण्याआधी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आणि लग्नाचं प्रमाणपत्र शेजारी शेजारी मांडून एकेक अक्षर ताडून बघा. वडिलांचं नाव 'दत्तात्रय' की 'दत्तात्रेय', इंग्रजीत कसं लिहिलंय, तेसुद्धा बघा. दुपारी जेवणं उरकल्यावर एक तास लागतो.

त्या चिठ्ठीबद्दलही सांगते. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातल्या २२१(जी) या कलमाखाली ती देतात. त्यानंतर संगणकावर आपल्या अर्जापुढे 'रिफ्यूज्ड' असा शब्द दिसतो. आमच्या आईनं तो वाचला आणि देवघरापुढे जाऊन बसली ती जेवायला उठेना. खरं म्हणजे तो शेवटचा नकार नसतो. कागद कमी आहेत किंवा चौकशी चालू आहे, म्हणून आज देता येत नाही, एवढाच अर्थ असतो. मागितलेले कागद एका वर्षाच्या आत द्यायचे असतात, नाहीतर सारं नव्यानं करावं लागतं. चौकशी किती दिवस चालेल ते मात्र कुणी सांगत नाही. एजंटही सांगू शकत नाही, तो काही सांगो. "आतून करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

पण मैत्रिणींनो, कागदांचं निस्तरता येतं. माणूस मधल्या काळात कसं झिजतं, ते मी घरात बघितलं.

पहिलं वर्ष बहिणीनं बॅग भरूनच ठेवली होती. लोणच्याच्या, मेतकुटाच्या पुड्या वर्षानं काढून टाकाव्या लागल्या. नवी साडी घ्यायची नाही, "तिकडे कुठे नेसणार." शिवणाचा क्लास लावायचा नाही, "मध्येच सोडावा लागेल." सकाळी उठल्यापासून फोनवर तेच बघणं, काही हललं का. रात्री नवऱ्याशी बोलणं, त्याची तिथं सकाळची घाई, हिचे डोळे मिटायला आलेले, आणि विषय एकच. "तू पुन्हा विचारलंस का?" "विचारून काय होणार?" कधी कधी फोन न बोलताच ठेवला जायचा. लग्नकार्याला जाणं तिनं बंद केलं, कारण तिथं प्रत्येक बाई विचारणार, "अगं, अजून इथेच?"

एके दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग खाली बघून म्हणाली, "ताई, दोनशे रुपये देशील? सॅनिटरी पॅड आणायचेत. बाबांकडे मागायला नको वाटतं." बँकेत दुसऱ्यांच्या लाखोंच्या ठेवी मोजलेली मुलगी! नवरा पैसे पाठवत नव्हता असं नाही. "घरच्या खर्चाला" म्हणून वडिलांच्या खात्यावर पाठवायचा. हिच्या हातात काही यावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

त्या दिवशी मी तिला बोलले, जरा जास्तच बोलले. आमच्या शाळेत सहावीला गणित शिकवायला तात्पुरती बाई हवी होती. तू उद्या ये म्हटलं. ती म्हणाली, "आणि पुढच्या महिन्यात बोलावणं आलं तर?" मी म्हटलं, "तर शाळा दुसरी बाई बघेल. शाळा काही बंद पडत नाही." रागावून निघून गेली. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी शाळेच्या दारात उभी होती, आईची सुती साडी नेसून.

पगार नाममात्रच होता. पण पहिल्या पगारातून तिनं माझे दोनशे परत केले आणि मी ते घेतले. नको म्हटलं असतं तर तिला लागलं असतं. त्यानंतर हळूहळू घराला वळण आलं. पत्रक महिन्यातून एकदा निघतं, तेव्हा महिन्यातून एकदाच बघायचं, आणि तेही जावयांनी बघून कळवायचं. रविवारच्या फोनवर व्हिसा हा शब्द काढायचा नाही, हा नियम तिनंच केला. सुरुवातीला दोघांना बोलायला विषयच सुचेना. मग जावयांनी वरणाला फोडणी कशी द्यायची ते विचारलं, आणि तासभर बोलणं झालं! "अजून इथेच?" म्हणणाऱ्यांना आई शांतपणे सांगायला लागली, "हो, सहावीला गणित शिकवते." त्यावर पुढचा प्रश्न कुणाला सुचायचा नाही. अवघड काळ पुढेही आला. चिठ्ठीनंतरचे सहा महिने तर फार वाईट गेले. पण तेव्हा सकाळी अकरा वाजता चाळीस मुलं तिची वाट बघत असायची.

मुलाखतीच्या आधी कुणी कितीही घाई केली, तरी तिनं तिकीट काढलं नाही. तेही लक्षात ठेवा. पासपोर्टवर व्हिसा आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, असेल ती नोकरी सोडायची नाही, स्त्रीधन मोडायचं नाही.

काकूंना हे सगळं हळदीकुंकवात कसं सांगणार? दोन दिवसांनी दुपारी मुद्दाम गेले. काकू आधी जरा फुरंगटल्या. "तुमचं तोंड कडू," म्हणाल्या. मुलगी आतल्या खोलीतून ऐकत होती. ती कागदांची फाईल घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर पलंगावर एकेक दाखला मांडायला लागली. शाळेच्या दाखल्यावर आडनावात एक अक्षर चुकलेलं निघालं. जावयांचं ग्रीन कार्ड २०२३ चं, तेव्हा नागरिकत्वाला अजून अवकाश आहे, हेही कळलं.

निघताना तिनं फाटकापर्यंत येऊन हळूच विचारलं, "काकू, तुमच्या शाळेत सध्या जागा आहे का हो?"

जागा आहे. बालवाडीच्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जाताहेत. ती सोमवारपासून येते आहे.