रोजा, मैदान आणि थायरॉइड

रमजान लागला की फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या घरात वाद ठरलेला. आई म्हणते, रोजा आहे तर सराव बंद कर. प्रशिक्षक म्हणतात, सराव आहे तर रोजा सोड. त्यातच कुणीतरी सांगते, ‘उपाशीपोटी एवढे पळून थायरॉइड बिघडतो.’ ही भीती कितपत खरी आहे?

गळ्यातली ही ग्रंथी मुख्यतः टी-४ हे संप्रेरक सोडते. शरीर त्यातून अधिक प्रभावी टी-३ तयार करते. आपण ऊर्जा किती वेगाने खर्च करायची, हे बरेचसे टी-३ ठरवते. मेहनत वाढली आणि जेवण तेवढेच राहिले, की शरीर काटकसर सुरू करते आणि टी-३ उतरते. अमेरिकेतील संशोधक अ‍ॅन लाउक्स यांनी १९९०च्या दशकात तरुणींवर केलेले प्रयोग यासाठी महत्त्वाचे. व्यायामाबरोबर पुरेसे खाणे दिले, तेव्हा टी-३ घसरले नाही. खाणे अपुरे ठेवले, तेव्हा ते चारच दिवसांत घसरले. म्हणजे दोष धावण्याकडे जात नाही, तो अपुऱ्या ताटाकडे जातो.

रोजा जेवणाची वेळ बदलतो. ताट कमी करा, असे सांगत नाही. खरी गडबड आपण करतो. झोपेपायी सहरी चुकवतो आणि इफ्तारला भजी-सरबतावर पोट भरतो. खेळणाऱ्या मुलाला सहरीत भाकरी, डाळ, अंडी, दही हवे आणि इफ्तारनंतर पूर्ण जेवण हवे. मुलींच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवे. ही तूट लांबली तर पाळी थांबते, हाडे कमजोर होतात. पण घरात त्यावर कुणी बोलत नाही.

प्रशिक्षकांनीही थोडे सरकावे. जोराचा सराव तरावीहनंतर घ्यावा, इफ्तारपूर्वी हलका. एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात वेस्ली फोफाना याला रोजा सोडता यावा म्हणून खेळ क्षणभर थांबला. दोन्ही संघांनी ते आधीच ठरवले होते. प्रीमियर लीगला जमते, ते आपल्या मैदानाला का जमू नये?

थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी मात्र मनाने काही ठरवू नये. ती रिकाम्या पोटी घ्यायची असते. सहरीच्या आधी की रात्री झोपताना, हे डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला रोजे पुढे भरून काढण्याची मुभा दीननेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?

कोल्हापुरात तालमीच्या संघात रोजा धरणारा आणि नवरात्र करणारा एकाच जर्सीत खेळतो. दोघांच्या शरीराचा हिशेब एकच आहे. उपवास कुणाचाही असो, सुटल्यावर खेळाडूचे ताट भरलेले आहे ना, एवढे घराने आणि संघाने पाहावे.